पेटीत काय होतं?

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे छापता आलेली नाहीत. म्हणून गरज वाटली तिथे त्यांचं वर्णन वाढवलं आहे.)

संयोजकताईंचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "यंदा कायद्यावर नको, योजनांवर नको. एखाद्या स्त्री-कलावंताबद्दल बोल." मला हसूच आलं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी दिली, त्यात 'क' श्रेणी मिळाली आणि इंटरमीजिएटला बसायचं धाडस झालं नाही. तेव्हा आज मी चित्रांची समीक्षा करणार नाही. एका चित्रकर्तीच्या कामामुळे माझ्या कामातली एक चूक मला नीट दिसली, तेवढं सांगणार आहे. चित्रकर्तीचं नाव नलिनी मलानी. चूक माझी.

आधी चूक सांगते.

आठेक वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली. तिशीची असेल. चार घरची धुणीभांडी करायची. नवरा मारायचा, आणि शेवटच्या भांडणात त्यानं तिला रात्री घराबाहेर काढलं होतं. बहिणीकडे राहत होती. मी तिच्यासमोर कागद घेऊन बसले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली जो घटनेचा अहवाल भरतात, तो तुम्हा सगळ्यांच्या हाताखालून गेलेला आहे. शारीरिक हिंसा, लैंगिक हिंसा, शाब्दिक-मानसिक, आर्थिक असे त्याचे रकाने. मी विचारत होते, ती सांगत होती. पण दर दोन वाक्यांनी ती एका पेटीवर यायची. पत्र्याची पेटी. लग्नात आईनं दिलेली. "ताई, पेटी तिथंच राहिली." मी म्हणायची, "हो, बघू आपण. मारलं कधी, तारीख आठवते का?" थोड्या वेळानं पुन्हा, "कुलूप हाय ताई, पण कडी खिळखिळी झालीय." मी पुन्हा तिला तारखेवर आणायची.

अहवाल मुद्देसूद झाला. वकीलबाईंनीही तसं म्हटलं आणि मी मनातून खूश झाले. तिला तो वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात माझी पेटी कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, आधी मारहाणीचं आणि राहण्याचं होऊ दे. पेटीचं मागून बघू." तिनं सही केली. वळणदार, सुरेख सही. त्या सहीवरूनही मला काही विचारावंसं वाटलं नाही.

मागून बघायला गेलो तोवर नवऱ्यानं पेटी भंगारवाल्याला विकली होती, आतल्या सामानासकट. आत काय होतं हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. आईची दोन लुगडी. मुलीचा जन्मदाखला. आणि तिचं स्वतःचं दहावीचं प्रमाणपत्र. ती दहावी पास होती! माझ्या कागदावर 'व्यवसाय' पुढे 'घरकाम' होतं आणि शिक्षणाचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. स्त्रीधन परत मिळावं असा आदेश याच कायद्याखाली मागता येतो. आर्थिक हिंसेचा रकाना त्याच कागदावर होता. तो मी कोरा सोडला होता. प्रमाणपत्राची दुय्यम प्रत हाती येईपर्यंत सहा महिने गेले, आणि अंगणवाडी मदतनिसाच्या ज्या जागेसाठी तिला अर्ज करायचा होता ती जागा भरून गेली. लुगड्यांची दुय्यम प्रत निघत नाही.

यानंतर वर्षभरानं एक मैत्रीण मला मुंबईत एका व्याख्यानाला घेऊन गेली. विषय होता आजच्या भारतीय स्त्री-चित्रकार. मी मागच्या रांगेत बसून डुलक्या काढत होते. पडद्यावर एक चित्र आलं आणि मी खडबडून जागी झाले. काळोखी खोली. जमिनीवर पत्र्याच्या पेट्या मांडलेल्या, बारा. झाकणं उघडी. आणि प्रत्येक पेटीत एक छोटा टीव्ही, त्यावर काहीतरी हलतंय. माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, ही बाई मला विचारतेय, पेटीत काय होतं?

त्या दिवसापासून मी नलिनी मलानी यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, मिळेल ते पाहत गेले.

त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणी झाली तेव्हा त्या दीड वर्षाच्या होत्या. कुटुंब सिंधी. घर सुटलं, गाव सुटलं. आधी कलकत्ता आणि मग मुंबई. आपल्यापैकी ज्या कल्याण-उल्हासनगर भागात काम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या लष्करी छावण्यांच्या बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवलं होतं, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. आजही तिथल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी निघते. मलानींच्या वाट्याला बराक आली नाही. वडील विमान कंपनीत नोकरीला होते. पण गेलेल्या घराबद्दल बोललं जाणारं आणि न बोललं जाणारं, दोन्ही ऐकतच त्या वाढल्या. स्वतःला न आठवणारी गोष्ट आयुष्यभर सोबत असणं म्हणजे काय, हे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतं.

मुंबईत त्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९६९ मध्ये पदविका घेतली. पण त्यांचं खरं शिक्षण निम्मं तरी शाळेबाहेर झालं असावं. वॉर्डन रोडला भुलाभाई इन्स्टिट्यूट होती. विद्यार्थिदशेतच त्यांना तिथे काम करायला जागा मिळाली. एका खोलीत गायतोंडे रंगवतायत, एका खोलीत हुसेन, पलीकडे रविशंकरांचं संगीत विद्यालय, कुठे नाटकाची तालीम. चित्रकारानं चित्रच काढावं आणि नाटकवाल्यानं नाटकच करावं, अशी कुंपणं तिथे नव्हती. पुढे त्यांनी रंगचित्रं केली, सिनेमा केला, नाटकं केली, भिंती रंगवल्या, व्हिडिओ केले, सावल्यांचे खेळ केले. लोक विचारतात, एवढी माध्यमं कशाला? मला त्याचं उत्तर त्या इमारतीत दिसतं.

१९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी आपल्या शिष्यवृत्तीच्या पैशातून चित्रकारांसाठी सिनेमाची एक कार्यशाळा सुरू केली. तेवीस वर्षांच्या नलिनी मलानींनी तिथे कॅमेरा हातात घेतला. त्या काळातला त्यांचा एक छोटा चित्रपट आहे, 'युटोपिया'. तो दोन पडद्यांवर शेजारीशेजारी चालतो. एका पडद्यावर रंगीत, चौकोनी-त्रिकोणी आकारांची स्वप्नातली घरं. नव्या देशाची, नव्या वास्तुरचनेची स्वप्नं. हा भाग १९६९ चा. दुसऱ्या पडद्यावर कृष्णधवल चित्रण, एक तरुण बाई उंचावरून खालच्या झोपडपट्टीकडे बघते आहे. हा भाग १९७६ चा. मधल्या सात वर्षांत काय झालं हे कोणी बोलून सांगत नाही. दोन पडदे शेजारी ठेवले की पुरतं. आपल्या फायलीत आपण एकच पडदा ठेवतो, हे मला तो बघताना सुचलं.

१९७० ते ७२ त्या फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. विद्यार्थ्यांच्या १९६८ च्या उठावाची धग अजून होती. व्याख्यानं, मोर्चे, चर्चा, सिनेमे. तिथेच राहून नाव काढता आलं असतं. त्या परत आल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्टुडिओ घेतला तो मुंबईत लोहार चाळीत, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला. विजेच्या सामानाच्या दुकानांची ही गल्ली ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल, तिथे पाय ठेवायला जागा नसते. हातगाड्या, पाठीवर ओझं घेतलेले हमाल, पायरीवर बसलेल्या बाया, दुकानाच्या फळीखाली झोपलेली पोरं. ही माणसं त्यांच्या कागदावर आली. लोहार चाळीच्या चित्रांची त्यांनी पुस्तकं केली, तीही झेरॉक्स काढून, त्यावर हातानं पुन्हा रेघा मारून. आपण पत्रकं काढतो त्याच यंत्रावर!

आता आपल्या चळवळीशी थेट नातं असलेली एक गोष्ट. १९७९ मध्ये मलानी न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी ए.आय.आर. नावाची गॅलरी पाहिली. १९७२ मध्ये स्त्री-कलावंतांनी सहकारी तत्त्वावर स्वतः सुरू केलेली आणि स्वतः चालवलेली. परत आल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की आपल्याकडेही बायकांनी एकत्र प्रदर्शन करावं. आज ऐकायला साधं वाटतं. ते व्हायला आठ वर्षं लागली. शेवटी अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि नलिनी मलानी अशा चौघींचं प्रदर्शन १९८७ ते ८९ या काळात भोपाळ, दिल्ली, बंगलोर, मुंबई असं फिरलं. चौघींची चित्रं एकमेकींसारखी मुळीच नव्हती. माधवी पारेख तर कुठल्या कलाशाळेत गेलेल्याच नव्हत्या. 'बायकांची चित्रं' असा एक गठ्ठा बांधणाऱ्यांना हेच उत्तर होतं. बचत गट, मंडळं, महासंघ बांधताना आपली आठ-आठ वर्षं गेली आहेत, म्हणून मला हा मजकूर वाचताना त्या आठ वर्षांचंच कौतुक वाटलं.

आता पेट्यांकडे येते.

मे १९९८ मध्ये भारतानं पोखरणला अणुचाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननं केल्या. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. कराचीत जन्मून मुंबईत वाढलेल्या या बाईनं त्या वर्षी मंटोची 'टोबा टेकसिंह' ही कथा घेतली. फाळणीनंतर दोन्ही सरकारं वेड्यांच्या इस्पितळातल्या वेड्यांची अदलाबदल करायचं ठरवतात, आणि एक वेडा सरहद्दीच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो, ती कथा. या कलाकृतीचं नाव 'रिमेम्बरिंग टोबा टेकसिंह'. जमिनीवर त्या बारा पेट्या; त्यांतल्या पडद्यांवर आपापलं सामान उचलून निघालेल्या माणसांची चित्रं. भिंतींवर अणुस्फोटाची दृश्यं. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बाया. दोघी मिळून एका साडीची घडी घालायचा प्रयत्न करतायत. एकीच्या हातात एक टोक, दुसरीच्या हातात दुसरं. मधे अख्खी खोली. घडी काही जमत नाही. आणि त्या मधल्या जागेत आपण, बघणारे, उभे.

साडीची घडी दोघींनी घालायची असते हे आपल्या आया-आज्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. टोकाला टोक लावत एक बाई दुसरीकडे चालत येते. अणुबाँब आणि सरहद्द यांच्याबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, स्वतः दिलीही आहेत. पण दोन देशांमधलं अंतर साडीनं मोजता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१९९९ मध्ये ही कलाकृती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडली होती, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. चित्रांच्या गॅलरीत पाऊल न टाकणारी माणसं तिथे येतात. शाळांच्या सहली, सुटीला मुंबई बघायला आलेली कुटुंबं. तलवारी बघायला आलेल्यांना पेट्या बघायला मिळाल्या. नाटक आणि व्हिडिओकडे वळण्यामागे मलानींचा हाही हेतू होता, की चार भिंतींतल्या नेहमीच्या बघ्यांपलीकडे जावं.

यानंतरचं त्यांचं जे काम मला सांगायचं आहे ते मला, एक समाजकार्यकर्ती म्हणून, सर्वात जड गेलं. २००५ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी 'मदर इंडिया' नावाची व्हिडिओची मांडणी केली. पाच पडदे. आधार होता समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधाचा. फाळणीत बायकांच्या शरीरावर जे झालं, त्याबद्दल बोलायला भाषा पुरत नाही. मग ते दुःख कुठे जातं, हा त्या निबंधातला प्रश्न. मलानींनी १९४७ शेजारी २००२ चं गुजरात ठेवलं.

फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांचा आकडा ७५,००० च्या आसपास सांगितला जातो. त्यांना 'परत आणण्यासाठी' १९४९ मध्ये आपल्या संसदेनं खास कायदा केला. या कायद्यात त्या बाईला काय हवं आहे याला काही किंमत नव्हती. ती कुठे राहू इच्छिते, तिला मूल झालं आहे का, ती आईबापांकडे जायला घाबरते का, हे सगळं गौण. ती कोणत्या धर्मात जन्मली एवढं बघायचं आणि उचलायचं. पोलिसांना वॉरंटही लागत नव्हतं. १९५७ पर्यंत हा कायदा होता. आणि मैत्रिणींनो, हे काम प्रत्यक्ष करत कोण होतं? मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल, अनीस किडवई. म्हणजे आपल्यासारख्याच बाया. समाजकार्यकर्त्या. अतिशय तळमळीच्या, जिवावर उदार होऊन काम केलेल्या. त्यांनी हजारो जणींना नरकातून बाहेर काढलं, आणि कित्येकींना त्यांच्या मनाविरुद्ध पुन्हा एकदा उचललं. कमलाबेन पटेल यांनी नंतर गुजरातीत या अनुभवांचं पुस्तक लिहिलं, त्यात ही घालमेल आहे. मी त्या बायांना नावं ठेवत नाही. आपल्या हातातल्या फायलीची वंशावळ कुठवर जाते, एवढंच सांगते. 'तुझ्या भल्याचं आम्हाला कळतं, पेटीचं मागून बघू.'

मलानींच्या चित्रांत काही बाया पुन्हा पुन्हा येतात. मिडिआ, सीता, राधा, आरशापलीकडे गेलेली ॲलिस. आणि कॅसँड्रा. ग्रीक पुराणातली ही राजकन्या. तिला पुढचं सगळं दिसतं, पण देवाचा शाप असा, की तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ट्रॉयमध्ये ती ओरडून सांगते, लाकडी घोडा आत घेऊ नका. लोक तिला वेडी म्हणतात. जर्मन लेखिका ख्रिस्टा वोल्फ यांनी १९८३ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. मलानींनी २००९ मध्ये तीस तुकड्यांचं मोठं चित्र केलं, त्याचं नावच 'कॅसँड्रा'.

ही परकी कथा आहे असं कोणाला वाटेल. मला नाही वाटत. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर अत्याचार झाला. तिनं जे घडलं ते सांगितलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असणार, आणि पोलिसांना सोडून दिलं. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या चळवळीचा पायाच असा घातला गेला, की बाई सांगते त्यावर आधी विश्वास ठेवा. मथुरा ही आपल्या चंद्रपूरची कॅसँड्रा होती. पण विश्वास ठेवणं म्हणजे नुसतं 'हो, खरं आहे' म्हणणं नव्हे. तिला काय महत्त्वाचं वाटतं यावरही विश्वास ठेवावा लागतो. मारहाणीबद्दल मी त्या बाईवर विश्वास ठेवला होता. पेटीबद्दल ठेवला नाही.

'कॅसँड्रा' ज्या पद्धतीनं रंगवलंय, त्याबद्दल दोन शब्द. जुन्या वाड्यांत, देव्हाऱ्यांत तुम्ही काचेवरची चित्रं पाहिली असतील. ती काचेच्या मागच्या बाजूनं रंगवतात. ही पद्धत मलानींनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून उचलली, आणि काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर आणली. त्यात सगळं उलटं करावं लागतं. नेहमीच्या चित्रात आधी पार्श्वभूमी भरतात, आणि डोळ्यातली बाहुली, नाकातली चमकी शेवटी काढतात. इथे चमकी आधी. मग चेहरा. सगळ्यात शेवटी मागचा रंग. एकदा काढलेलं झाकता येत नाही, कारण पहिली रेघ कायम पुढेच राहते.

आपल्याकडे बाई खरी गोष्ट कधी सांगते? तासभर बोलून झालेलं असतं, चहा झालेला असतं, ती उठते, दाराशी चपला घालता घालता म्हणते, "आणि ताई, एक राहिलंच." तुम्ही हसताय म्हणजे तुमचाही अनुभव हाच आहे. ते 'राहिलेलं' आपण फायलीच्या तळाशी एका ओळीत लिहितो, किंवा लिहीतच नाही, कारण पुढची बाई बाकावर वाट बघत असते. काचेवरच्या चित्राच्या हिशोबानं ते आधी यायला हवं.

२०१२ मध्ये जर्मनीत कासेल इथे त्यांनी पारदर्शक पत्र्याचे पाच मोठे दंडगोल टांगले, आतून रंगवलेले, सावकाश फिरणारे. त्यांवरून प्रकाश टाकला की सावल्या सगळ्या भिंतींवरून धावतात, एकमेकींवरून जातात. त्यात आवाज होते, एक कॅसँड्राचा, आणि महाश्वेतादेवींच्या 'द्रौपदी'चाही आधार होता. लष्कराच्या छावणीत अत्याचार झाल्यावर अंगावर पुन्हा कपडे घ्यायला नकार देणारी ती संथाळ बाई, दोपदी. नाव मात्र फैज यांच्या एका उर्दू कवितेवरून घेतलेलं, सांडून नाहीसं झालेल्या रक्ताचा माग काढण्याबद्दलचं. एक गोष्ट सांगायला एकच आवाज पुरत नाही, हे मलानींच्या कामाचं सूत्र म्हणता येईल.

आता पुसण्याबद्दल. १९९२ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर त्यांनी थेट चित्र काढलं. त्याचं नाव 'सिटी ऑफ डिझायर्स'. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हेळसांडीमुळे नष्ट होत होती, त्याचं दुःख त्यामागे होतं. प्रदर्शन संपलं आणि भिंतीला पुन्हा पांढरा रंग दिला. चित्र गेलं. ते कोणाला विकत घेता आलं नाही, कोणाच्या दिवाणखान्यात गेलं नाही. पुढे इतर देशांतल्या संग्रहालयांतही त्यांनी भिंतीवर चित्रं काढली आणि शेवटच्या दिवशी ती सगळ्यांच्या देखत पुसून घेतली.

मला हे आधी पटत नव्हतं. आपलं सगळं आयुष्य 'नोंद करा, लिहून ठेवा, पोचपावती घ्या' यात गेलेलं. बायकांचं सगळं आधीच पुसलं जातं, त्यात आणखी आपणच कशाला पुसायचं? पण विचार करता करता वाटलं, फरक आहे. माझ्या केंद्रात पेटी पुसली गेली ती कोणाला न कळता. टेबलामागे, नीटनेटक्या अक्षरात. मलानी सगळ्यांना उभं करून पुसतात. बघा, आता जातंय. पुसणं हे कोणीतरी करत असतं, ते आपोआप होत नाही, हे त्या दाखवतात.

आता एक अडचण, जी लपवून चालणार नाही. ही कला मोठ्या शहरांत, परदेशांत दिसते. २०१७-१८ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन झालं, २०२३ मध्ये जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला. आनंदच आहे. पण लोहार चाळीतली पायरीवर बसलेली बाई तिथे पोचत नाही. दुसऱ्याचं दुःख चितारून आपलं नाव होणं, हा प्रश्न त्यांना लागू आहे आणि आपल्यालाही. आपणही बायकांच्या 'केसेस' सांगून अनुदानं मिळवतो, परिषदांत निबंध वाचतो. मी आज तेच करते आहे. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दिसतं, की ऐंशीच्या घरात पोचलेल्या या बाईनं काम सैल पडू दिलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये कठुआत आठ वर्षांच्या मुलीचं जे झालं, त्यानंतर त्यांनी संगणकाच्या पाटीवर बोटानं काढलेली हलती चित्रं केली, ऐंशीहून जास्त. त्या मांडणीचं नाव 'कॅन यू हिअर मी?' म्हणजे, ऐकू येतंय का? रेघा घाईच्या, खोडलेल्या, लिहिता लिहिता पुसलेल्या. मुंबईत मी त्यातली काही पाहिली आहेत. एक छोटी मुलगी दोरीवरच्या उड्या मारतेय. बराच वेळ तिथून हलता आलं नाही.

चित्रानं पेटी परत आणली नाही. ते चित्राचं कामही नव्हे, ते माझं काम होतं. चित्रानं मला एवढंच केलं, की माझा नीटनेटका अहवाल पुन्हा वाचायला लावला.

आमच्या केंद्रात आम्ही दोन लहान बदल केले. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला एक बिनरकान्याचं पान असतं. बाई ज्या क्रमानं बोलेल त्या क्रमानं, तिच्या शब्दांत लिहायचं. 'पेटी' चार वेळा आली तर चार वेळा. ते कोर्टात जात नाही, पण अहवाल भरताना ते शेजारी उघडं ठेवायचं. दोन पडद्यांसारखं. आणि दुसरं, बाई चपला घालायला लागली की पेन बंद करायचं नाही. दारापर्यंत जायचं आणि विचारायचं, "काय राहिलं?" यानं वेळ जातो. बाकावरच्या बायांची कुरकुर होते. महिन्याच्या आकडेवारीत आमच्या केंद्राच्या 'केसेस' कमी दिसतात आणि त्याबद्दल आम्हाला बोलणीही बसली आहेत. तरीही तुम्ही एक महिना करून बघा आणि पुढच्या मेळाव्यात मला सांगा.

इथे यायच्या आधी मी त्या बाईला भेटले. आता ती एका शाळेत मुलांना खिचडी शिजवते, मुलगी आठवीत आहे. मी विचारलं, "तुझं नाव न घेता तुझी गोष्ट सांगू का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांगा की. पण ताई, पेटी निळी व्हती ते सांगा. वर पांढरं फूल काढलेलं व्हतं."

मी तिला त्याआधी पेटीचा रंग कधी विचारलाच नव्हता.

पेटी निळी होती. वर पांढरं फूल होतं.